नववी ते बारावीचं कपाट कुठे आहे?

प्रति,
महाराष्ट्रातल्या अनुदानित सार्वजनिक वाचनालयांचे अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळांचे सभासद यांस,

विषय : १३ ते १८ वयाच्या वाचकांसाठी वेगळं कपाट, वेगळं कार्ड आणि ग्रंथखरेदीत त्यांचा वाटा.

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी तालुक्याच्या गावातल्या एका ‘ब’ वर्ग वाचनालयात (अनुदानासाठी वाचनालयांचे ‘अ’ ते ‘ड’ असे वर्ग असतात) ग्रंथपाल आहे. अनुदानाचा दुसरा हप्ता येण्याची वेळ झाली की विक्रेत्यांचे फोन, कोटेशनं, दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला नंबर देणाऱ्या रजिस्टरात, राहून गेलेले नंबर आणि लेखापरीक्षकांच्या शंका यांत आपली जी तारांबळ उडते, त्या तारांबळीतूनच हे लिहिते आहे. यंदाची खरेदी ठरण्याआधी एक गाऱ्हाणं आपल्या कानावर घालायचं आहे. आपल्याकडे बालविभाग आहे, महिला विभाग आहे, ज्येष्ठांसाठी वर्तमानपत्रांचं टेबल आहे. नववी ते बारावीतल्या मुलामुलींसाठी काय आहे? बालविभागात त्यांचे गुडघे टेबलाला लागतात आणि मोठ्यांच्या कपाटाला कुलूप.

ही मुलं वाचनालयात येतच नाहीत, असं कृपा करून म्हणू नका. संध्याकाळी अभ्यासिकेत डोकावून बघा. नीट आणि सीईटीचे जाडजूड संच पुढ्यात घेऊन अकरावी-बारावीची मुलं बसलेली असतात, शेजारी पोलीस भरतीवाले, तलाठी भरतीवाले. महिन्याची फी भरतात, आपल्या पंख्याखाली बसतात, आपल्या कूलरचं पाणी पितात आणि दोन वर्षांनी पुण्याला नाहीतर संभाजीनगरला निघून जातात. चार पावलांवरच्या कपाटातलं एकही पुस्तक त्यांच्या हाताला लागलेलं नसतं. अभ्यासिकेच्या फीने कितीतरी वाचनालयांचं वीजबिल भागतं, हे मी नाकारत नाही, माझा राग अभ्यासिकेवर नाहीच. पण खुर्चीचं भाडं घेऊन आपण त्यांच्यातून मोकळे होतो.

शाळा बघून घेईल म्हणावं, तर तिथेही आनंदच आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं असलेलं ग्रंथालय हवं असं लिहिलेलं आहे, पण तो कायदा आठवीला संपतो. हायस्कुलात पट हजाराच्या आत असला तर पूर्णवेळ ग्रंथपाल मिळत नाही, आणि जो अर्धवेळ मिळतो त्याच्या गळ्यात पोषण आहारापासून ऑनलाइन माहिती भरण्यापर्यंत सगळं येतं. तेव्हा आठवी सुटल्यावर मुलाला पुस्तक देऊ शकेल अशी गावात एकच जागा उरते, ती आपली.

खरी गोम खरेदीत आहे. वाचनालयाचा वर्ग टिकवायचा तर ग्रंथसंख्या भरावी लागते. ती भरायची तर थोड्या पैशांत जास्त पुस्तकं हवीत. आणि थोड्या पैशांत जास्त पुस्तकं म्हणजे काय, हे मी आपल्याला सांगायला नको: बत्तीस पानांची, पिना मारलेली, भडक मुखपृष्ठाची थोरांची चरित्रं, शंभराच्या संचात, निम्म्याहून अधिक सवलतीत. संच घेतला की आकडा झटक्यात वर जातो, तपासणीला आलेले साहेबही खूश. एकाच महापुरुषाची सात-आठ बत्तीसपानी चरित्रं ज्याच्या कपाटात नाहीत असं वाचनालय मला दाखवा, मी तिथवर येऊन चहा पाजीन. त्या माणसांबद्दल आदर आहे म्हणूनच चीड येते. पंधरा वर्षांचा मुलगा बाबासाहेबांबद्दल वाचायला मागतो तेव्हा त्याला जन्म, शिक्षण, कार्य आणि महापरिनिर्वाण एवढं नको असतं, ते त्याने पाचवीत पाठ केलेलं असतं. त्याला त्यांनी कशाकशाशी झुंज दिली, एकटे पडले तेव्हा काय केलं, हे हवं असतं. पिना मारलेल्या पुस्तकात ते मावत नाही.

दुसऱ्या बाजूला आपल्या स्वतःच्या आवडी. ग्रंथनिवड समितीत बसणारे आपण सगळे पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. (मी कुठल्या बाजूला ते विचारू नका.) जाड ऐतिहासिक कादंबऱ्या, अध्यात्म, आरोग्य, पाककृती, निवृत्त अधिकाऱ्यांची आत्मचरित्रं. हे सगळं खपतं, सभासद मागतात, जरूर घ्यावं. मात्र समितीच्या बैठकीत चौदा वर्षांचा वाचक काय मागतो आहे, हा प्रश्न विचारलेला मी तरी ऐकला नाही. मागणी आली तर घेऊ, असं उत्तर असतं. जो आत येत नाही त्याची मागणी वहीत उमटणार कुठून?

निवांत वेळ मिळाला तर एक करा. पुस्तकांच्या मागच्या पानावरच्या तारखांच्या चिठ्ठ्या बघा. चित्रांची पुस्तकं जातात, फाटून परत येतात. जरा मोठ्या मुलांसाठी म्हणून कधीकाळी घेतलेल्या पुस्तकांची चिठ्ठी मात्र बहुतेक कोरी सापडेल. आमच्याकडे तीच गत होती. शेवटी आम्ही वर्तमानपत्रांचा जुना लोखंडी स्टँड पुसून घेतला, कपाटातून अशी पुस्तकं उचलली आणि अभ्यासिकेच्या दारात, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी लावून ठेवली. नवीन एक पुस्तक आणलं नाही. जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’ची आमची प्रत वर्षानुवर्षं जागची हलली नव्हती, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तिच्या चिठ्ठीवर शिक्का मारायला जागा उरली नाही, खाली दुसरी चिकटवावी लागली. त्यात थोडा हात एका किश्श्याचाही होता. नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला आपली पहिली कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. मोठ्या शास्त्रज्ञाचं नाव बघून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये, हा हेतू. कथेला बक्षीस मिळालं. हे मी एका दहावीतल्या मुलाला सांगितलं आणि त्याने क्लासभर केलं. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथनांची १९३१ची पाच सूत्रं आपण सगळ्या ग्रंथपालांनी प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी घोकली आहेत. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे त्यातलं तिसरं. त्यासाठी कधीकधी एक स्टँड आणि एक किस्सा पुरतो.

आता आपल्यातल्याच काहींच्या धास्तीबद्दल. नववीतली एक मुलगी वडिलांच्या बदलीमुळे आमच्या गावी आली. पहिल्याच दिवशी तिने मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ आहे का, असं जरा दबकतच विचारलं. मी काढून दिली तर पुस्तक दोन्ही हातांत धरून तशीच उभी. “घरी नेऊ ना?” म्हणाली. मी म्हटलं, “न्यायलाच आलीस ना तू?” तर म्हणे आधीच्या गावच्या वाचनालयात काउंटरवरच्या काकांनी सांगितलं होतं, हे मोठ्यांचं आहे, कॉलेजात गेलीस की ने. अहो, त्या कादंबरीतला मुकुंद जोशी नववीत आहे! आणीबाणीच्या काळातला, नववीच्या वर्गातला मुलगा, त्याचे मित्र, त्याला आवडलेली मुलगी. नववीतल्या पोराची गोष्ट नववीतल्या पोरीने वाचायची नाही, तर मग कुणी वाचायची? पन्नाशीतल्या सभासदांनी, उसासे टाकत?

प्रेम, शरीर, पाळी, घरातली भांडणं, जात, नापास होणं, जीव नकोसा होणं, या सगळ्या गोष्टी त्या वयात घडतच असतात, आपण पुस्तक कपाटात ठेवल्याने थांबत नाहीत. पालक येऊन ओरडतील, ही भीती खरी आहे. आमच्याकडेही एक गृहस्थ आले होते. त्यांना शांतपणे सांगितलं की आपल्या मुलाने काय वाचावं ते आपण घरी ठरवा, गावातल्या बाकीच्या मुलांचं त्यांचे आईबाप ठरवतील. चहा घेऊन गेले. आणखी एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं: कोणत्या मुलीने काय नेलं हे शिपायाने, लिपिकाने, सभासदाने बाजारात तिच्या काकाला भेटल्यावर सांगायचं नाही. लहान गावात एवढ्या एका वाक्याने पोरीचं वाचनालय बंद होतं. हा नियम लेखी करा, वाटल्यास भिंतीवर लावा.

त्यांना काय कळतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी मुक्ता साळवेचा निबंध काढून वाचावा. सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतली ही मातंग समाजातली विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला, तेव्हा ती आजच्या आठवी-नववीतल्या मुलीएवढी असेल. धर्म, सत्ता, भूक यांच्याबद्दल ती ज्या धारेने बोलते ती धार आपल्या व्याख्यानमालांत क्वचित ऐकू येते. बक्षीस समारंभात तिने खाऊ नाकारून ग्रंथालय मागितलं, अशी आठवणही सांगितली जाते. तो निबंध वेगळा छापून आपण स्टँडवर लावला आहे का?

काय घ्यावं, असं विचारणारे कार्यवाह भेटतात, म्हणून आमच्या स्टँडवर कधीच स्वस्थ न बसणारी पुस्तकं सांगते. ही आदर्श यादी वगैरे नाही. सातवी-आठवीतून वर येणाऱ्यांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजून लागतो, आणि त्याच्या पाठोपाठ सत्यजित राय यांचा फेलुदा, जो अशोक जैन यांनी मराठीत आणला. रहस्यकथा म्हणजे हलकं वाचन, असं नाक मुरडू नका. सलग दीडशे पानं वाचायची सवय मुलाला तिथेच लागते. हॅरी पॉटर मराठीत आहे, इंग्रजी माध्यमातली मुलंसुद्धा ते गंमत म्हणून नेतात आणि मराठी वाचायचा वेग वाढला की पुढे सरकतात. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१पासून ज्या कारणाने वाचलं जातं त्याच कारणाने आजही जातं: तो माणूस गरीब होता, काळा होता, हुशार होता आणि चिडका नव्हता. प्रकाश नारायण संतांचा लंपन सगळ्यांना लगेच आवडत नाही, ज्यांना आवडतो ते चारही पुस्तकं संपवूनच थांबतात. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ बारीक आहे, म्हणून आळशी मुलं उचलतात आणि मग गप्प होतात. राम पटवर्धनांनी अनुवादलेलं ‘पाडस’ जाड असूनही जातं. ते देताना मी काही सांगत नाही, परत करताना मुलांचा चेहरा बघते.

मुलींना लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ देऊन बघा. नव्वदी गाठलेलं पुस्तक आहे, आणि मुली ते वाचताना मोठ्याने हसतात. अकरावी-बारावीला दया पवारांचं ‘बलुतं’, लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ हाताशी हवंच. ‘कोसला’ मी कुणाला सुचवत नाही, ती ज्याची त्याने शोधायची असते. फक्त ती कुलपात नको. भरतीच्या तयारीला लागलेली मुलं विश्वास नांगरे पाटलांचं ‘मन में है विश्वास’ हमखास मागतात. द्या की! तेवढं एकच पुस्तक वाचून तो मुलगा दुसरं मागायला आला, तर तिथे त्याला ‘उपरा’ दाखवणं हे आपलं काम.

निवड करताना आणखी एक धागा हाताशी ठेवा. साहित्य अकादेमी २०१०पासून बालसाहित्य पुरस्कार देते. त्यातली सगळीच पुस्तकं पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला पुरणारी नसतात, तरी मराठी विजेत्यांची यादी समोर ठेवून बैठकीला बसलात तर संचविक्याच्या यादीपेक्षा बरं काही हाती लागेल. ‘साधना’चे बालकुमार आणि युवा दिवाळी अंक स्वस्तात मिळतात, त्यांच्या दोन-दोन प्रती घ्या. दिवाळी अंकांच्या योजनेत हे अंक ठेवून ते फक्त वर्गणीदारांना देऊ नका, स्टँडवर टाका.

याहून चांगली यादी मुलंच करतात. आमच्या स्टँडला सुतळीने एक दोनशेपानी वही बांधली आहे. तिच्यात कुणीही, नाव न लिहिता, वाचलेल्या पुस्तकाबद्दल लिहावं. “शेवट पटला नाही. तरी रडू आलं.” “पहिली तीस पानं सहन करा, मग सुटतं.” “पान ११२ नाही, ज्याने फाडलं त्याने निदान झेरॉक्स ठेवावी.” कुणा वर्गशिक्षकाच्या शिफारशीपेक्षा या ओळींवर पुस्तकं जास्त जातात. वाचन प्रेरणा दिनाला, १५ ऑक्टोबरला, आपण पाहुणे आणतो, दीपप्रज्वलन करतो, मुलांना ओळीत बसवून वाचनाचं महत्त्व ऐकवतो. त्या खर्चात अशा कितीतरी वह्या येतील.

कार्डाचं बघा. बाल सभासदाला एक पुस्तक, तेही बालविभागातलंच. मोठ्यांचं कार्ड हवं तर अनामत, प्रवेश फी, आधारची झेरॉक्स, वडिलांची सही, वर एका सभासदाची ओळख. सोळा वर्षांचा मुलगा एवढं जमवण्याऐवजी रील बघतो आणि मग आपण म्हणतो मोबाइलने वाट लावली. खरं तर मोबाइलवरही ती वाचतात. ‘प्रतिलिपी’ या कथांच्या ॲपवर क्रमशः कथांचे भागच्या भाग संपवणाऱ्या मुली आमच्या अभ्यासिकेत आहेत. तेव्हा त्यांच्यासाठी वेगळं कार्ड करा: अनामत नाममात्र, शाळेचं ओळखपत्र पुरे, एका वेळी दोन पुस्तकं, सगळ्या कपाटांतून. पुस्तकं हरवतील, होय. मोठे सभासदही हरवतात, फक्त त्यांना आपण दंडाचं बोलायला कचरतो. वेळेचंही तेच. शाळा पाचला सुटते, क्लास सातला, आणि आपली देवघेव तोवर बंद. रविवारी सकाळी दोन तास काउंटर उघडा ठेवला तर मुलींना अंधाराची अडचणही उरत नाही.

मोबाइल हाताशी आहेच, तर तो कामाला लावू. ‘किशोर’ मासिक बालभारतीने १९७१ साली सुरू केलं. त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. २०२३च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मुलं आणि किशोरवयीनांसाठी डिजिटल ग्रंथालयाची घोषणा झाली, त्यातून नॅशनल बुक ट्रस्टकडचं राष्ट्रीय ई-पुस्तकालय उभं राहिलं. तिथे वयाचे चार गट आहेत आणि शेवटचा गट १४ ते १८ आहे. दिल्लीने तो गट ओळखला, आपल्या दाखल नोंदवहीला अजून पत्ता नाही! दोन्हींचे क्यूआर कोड छापून स्टँडच्या खांबाला चिकटवा. झेरॉक्सच्या दोन कागदांचा खर्च.

पैशांचं म्हणाल तर हिशोब सोपा आहे. सरासरी २५० रुपये किंमत धरली तर १२५ पुस्तकांचे ३१ हजार २५० होतात, २० टक्के सवलत गेली की २५ हजार. मोठ्या वाचनालयांना एका वर्षात, लहानांना दोन-तीन वर्षांत झेपण्यासारखं आहे. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या असमान निधी योजनेत (जिच्यात राज्याचा वाटा नसतो) बालविभागासाठी साहाय्य मिळतं. प्रस्ताव करताना त्यात मोठ्या मुलांची पुस्तकं घाला. राज्य आणि प्रतिष्ठान यांच्या समान निधीतून येणारे पुस्तकांचे खोके उघडल्यावर त्यातलं या वयाला चालेल ते आधी बाजूला काढा, मग नंबर टाका. ‘ड’ वर्गातल्या, एका खोलीत चालणाऱ्या वाचनालयांची ओढाताण मला माहीत आहे, तिथे ग्रंथपालाच्या हातात पडणारं मानधन सांगायची लाज वाटावी इतकं असतं. त्यांना मी २५ हजार काढा म्हणणार नाही. आहेत त्यातली चाळीस पुस्तकं निवडून दारात आणा, एवढंच.

माझी विनंती अशी की पुढच्या कार्यकारी मंडळाच्या सभेत हा विषय ऐनवेळच्या विषयांत न ढकलता विषयपत्रिकेवर छापून घ्यावा. ठराव चार ओळींचा पुरे: १३ ते १८ वयोगटासाठी उघडं कपाट, त्यांचं स्वतंत्र कार्ड, वार्षिक ग्रंथखरेदीतला ठरावीक हिस्सा, आणि ग्रंथनिवड समितीच्या बैठकीला या वयाचे दोन वाचक, एक मुलगा आणि एक मुलगी. त्यांना मत द्यायचा अधिकार वाचनालयाच्या घटनेत बसत नसेल तर नुसतं बसू द्या, आणि बोलू द्या. विक्रेत्याचा संच नाकारायला ती दोघं आपल्यापेक्षा कमी भीड बाळगतील.

आमच्या सुतळीच्या वहीत मुलांनी मागितलेल्या पुस्तकांची पानं कुणाला हवी असतील तर झेरॉक्स काढून पाठवीन. टपालखर्च तेवढा आपल्या सादिलातून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या रकमेतून, करावा, आमचा मार्चपर्यंत संपलेला असतो.

कळावे, लोभ असावा.

आपली,
तालुक्याच्या गावातली एक ग्रंथपाल